पिटातून बोलतोय

'नेहमीचे मतदार' ही काय भानगड आहे, ते आधी समजून घ्या दोस्तांनो.

आयएमडीबी नावाचं एक जागतिक दुकान आहे. जगातल्या कुठल्याही पिक्चरला, कुठल्याही मालिकेला तिथं एक ते दहा मार्क देता येतात. न्यूयॉर्कच्या डॉक्टरनं द्यावेत, खामगावच्या हमालानं द्यावेत, हरकत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्याचा 'जय भीम' मोबाईलवर आला आणि बघता बघता त्याचे मार्क ९.६ वर गेले. 'द शॉशँक रिडेम्प्शन' हा अमेरिकन तुरुंगाचा पिक्चर तिथं वर्षानुवर्षं देव्हाऱ्यात बसलेला. तो मागं पडला. 'गॉडफादर' मागं पडला. पेपरांनी बातम्या छापल्या, आपल्या पोरांनी स्टेटस ठेवले. आणि मग नियम वाचला तर काय? अव्वल अडीचशेची जी त्यांची मानाची यादी असते तिच्यात फक्त 'नेहमीच्या मतदारां'ची मतं धरतात. नेहमीचा मतदार कोण? सांगणार नाही. निकष गुप्त. मत सगळ्यांचं घेणार, मोजणार ठरावीकांचं!

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत हेच बजावलं होतं. राजकारणात एक माणूस एक मत आणि एक मत एक मूल्य मानायचं, आणि समाजात मात्र माणसाचं मूल्य नाकारायचं, हा विरोधाभास किती दिवस चालवणार? चाललाय. अजून चाललाय. पडद्यापुढच्या अंधारातसुद्धा चाललाय.

आता कुणी म्हणेल, अरे, खोट्या मतांचा बंदोबस्त म्हणून ते तसं करतात. असेल. चोर सगळीकडं आहेत. त्या दुकानाशी मला भांडायचंच नाही. मला ती वर्गवारी चावते. नेहमीचे आणि येरेगबाळे. ही काही अमेरिकेत लागलेली शोध नाही, आपल्याकडं ती जन्माबरोबर मिळते. 'रसिक' आणि 'पब्लिक'. 'जाणकार' आणि 'पिटातला'. पिटातल्यानं तिकीट काढायचं, शिट्टी मारायची, चिल्लर उधळायची आणि घरी जायचं. मत खुर्चीवाल्याचं. पिटातला बोलला की ती 'प्रतिक्रिया', खुर्चीवाला बोलला की ती 'समीक्षा'. च्यायला, बघितलं तर दोघांनी एकच कापड ना!

मी मॅट्रिक. गोदीत माल चढवतो, उतरवतो. ठेकेदाराचा माणूस, म्हणजे आज आहे उद्या नाही. गाव खामगाव तालुक्यात. आमच्या भागातला कापूस मुंबईच्या गोदीत नेता यावा म्हणून इंग्रजानं १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला. आधी कापसाच्या गाठी गेल्या, मागून माणसं गेली. अजून जातात. गोदीतल्या माणसाला १४ एप्रिल दोनदा आठवतो, एकदा जयंती म्हणून आणि एकदा १९४४ ला कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात भरल्यामुळं उडालेली गोदी म्हणून. माल कुठं कशाशेजारी ठेवावा हे आम्हाला कळतं. ज्यांना कळत नाही ते साहेब असतात. तर गोदीतला माणूस गोदीवरच्या पिक्चरबद्दल काय म्हणतो, इथूनच सुरू करू.

'ऑन द वॉटरफ्रंट', १९५४. एलिया कझानचा पिक्चर, मार्लन ब्रँडो हिरो, आठ ऑस्कर. जाणकार त्यातल्या अभिनयावरून जीव ओवाळून टाकतात. आम्ही सहा जणांनी तो रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत तीन रात्रीत पाहिला, एका मोबाईलवर. इंग्रजी कुणालाच धड येत नाही, मी जमेल तसं सांगत होतो. सकाळी कामाचे बिल्ले जमिनीवर फेकतात आणि माणसं त्यावर तुटून पडतात, एकमेकाला चेंगरतात, तो सीन आला तेव्हा सगळे गप्प झाले. सांगायची गरज पडली नाही. पिक्चर संपल्यावर आमच्यातला एक मामा, तीस वर्षं पाठीवर ओझी वाहिलेला, म्हणाला, "म्हंजे शेवटी मालकाचा माल उतरलाच ना?"

एवढंच बोलला आणि बिडी पेटवली. पण बघा काय बोलला! ब्रँडो रक्तबंबाळ होऊन लडखडत चालत जातो, मागून सगळे कामगार जातात, संगीत चढतं, जाणकारांचे डोळे भरून येतात. दारात जहाजाचा मालक उभा असतो, तो म्हणतो चला कामाला, आणि वरून शटर खाली येतं. युनियनचा गुंड पुढारी पडला, झकास झालं. पण मालकावर एक ओरखडा आहे का? बिल्ले फेकायची पद्धत बंद झाली का? मजुरी? पिक्चर त्याबद्दल ब्र काढत नाही. याच कझाननं १९५२ ला अमेरिकन सरकारच्या कमिटीपुढं आपल्या जुन्या कम्युनिस्ट सोबत्यांची नावं सांगितली होती, आणि दोन वर्षांनी पिक्चर काढला तो असा, की ज्यात नावं सांगणारा हिरो. हे मी नंतर वाचलं. मामाला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत नसताना त्यानं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. त्याच्या पाठीलाच माहीत होतं.

तसाच 'दीवार', १९७५. अमिताभ गोदीतला हमाल, खांद्यावर दोर, ७८६ नंबरचा बिल्ला, हप्ता देणार नाही म्हणून गोदामात गुंडांना लोळवतो. आमचे बाप-चुलते या सीनवर वेडे झाले होते आणि आजही तो लागला की हातातलं काम थांबतं. मीसुद्धा थांबतो, खोटं कशाला बोलू. पण जुन्या माणसांचं दुसरं मत कुणी छापलंय? ते म्हणायचे, याला पोतं पाठीवर घेता येत नाही, आकडा मारता येत नाही. आणि दुसरं असं, की आख्ख्या पिक्चरभर गोदीत युनियन नाही! पी. डिमेलोंच्या मुंबईत, ज्यांच्या नावाचा रस्ता गोदीला लागून जातो, त्या मुंबईत गोदीकामगाराला युनियन नाही. युनियन आहे ती बापाची, खाणीतली, आणि तीही दगा दिलेली. पोराच्या हातावर त्याची लाज गोंदलेली. मग पोरानं काय करायचं? एकट्यानं मारामारी, मग स्मगलर, मग आईच्या मांडीवर मरण. एकट्याची चीड विकायला सोपी असते. शंभरांची चीड पडद्यावर आणायला भीती वाटते, कारण ती थिएटरातून बाहेर येते. बॉम्बे डॉक लेबर बोर्ड १९९४ मध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, कंटेनर आले, टोळ्या विरल्या, ठेकेदार आले. त्यावर कुणी पिक्चर काढला असेल तर मला दाखवा, मी माझ्या पैशानं सहा तिकिटं काढतो.

ही मतं कुठं छापून येत नाहीत. का? आम्हाला लिहिता येत नाही म्हणून? नाही. आमच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचाच नाही हे ठरलेलं आहे म्हणून. आणि हे ठरवलंय कायद्यानं, कोर्टानं, सरकारी शिक्क्यानं.

गावाकडची म्हातारी माणसं सांगतात, जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू यायचा. ज्याच्याजवळ पैसे नाहीत तो तंबूच्या मागून, कनातीच्या फटीतून पडद्याची उलटी बाजू बघायचा. हिरो डावरा दिसायचा, पाटीवरची अक्षरं उलटी. अक्षरं उलटी असली काय आणि सुलटी असली काय, वाचता कुणाला येत होती! पण गोष्ट बरोबर कळायची. ज्यांना पुढून दिसत होतं त्यांच्यापेक्षा कधी कधी जास्त.

त्याच काळात शहरात काय चाललं होतं? फिल्म सोसायट्या. वर्गणी भरा, सभासद व्हा, आणि फ्रान्सचे, इटलीचे, स्वीडनचे पिक्चर न कापता बघा. या सोसायट्यांच्या परदेशी पिक्चरांना सेन्सॉरमधून सूट होती. म्हणजे देश एक, पिक्चर एक, आणि कायदे दोन. सभासदाचं मन पक्कं, त्याला उघडी बाई दाखवली तरी तो 'प्रतिमांची भाषा' बघणार. तंबूतल्या माणसाचं मन कच्चं, त्याला काही दाखवलं तर तो उद्या गाव पेटवणार. मी त्या सोसायट्यांना शिव्या देत नाही, त्यांनी चांगलं बघितलं, चांगलं लिहिलं. 'बायसिकल थीव्हज' आम्हाला माहीत झाला तो त्यांच्या लिहिण्यामुळं. नवऱ्याची गहाण पडलेली सायकल सोडवायला घरातल्या चादरी गहाण टाकणारी ती इटलीची बाई, तिला बघून आमच्यातला एक जण म्हणाला, "हे तं माह्यी मायच." पण तिला ओळखायला आम्हाला सत्तर वर्षं का लागावीत? १९५२ ला मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला तेव्हा तो पिक्चर इथं दाखवला होता. इथं! गोदीपासून हाकेच्या अंतरावर!

ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार शहरांवर एक छोटा पिक्चर काढला होता, 'अ टेल ऑफ फोर सिटीज'. त्यात मुंबईची लालबत्ती वस्ती होती. सेन्सॉरनं अडवला. अब्बास सुप्रीम कोर्टात गेले. १९७० ला कोर्टानं सांगितलं की सेन्सॉर घटनेत बसतो, कारण सिनेमा पुस्तकासारखा नाही, तो माणसाला जास्त खोल हलवतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक. बरं. दोन वर्षांनी, १९७२ ला, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. वस्ती तीच, बाया त्याच, भूक तीच. पुस्तक असल्यामुळं छापायच्या आधी कुणाचा शिक्का लागला नाही. पण ज्या माणसांबद्दल ते पुस्तक होतं त्यांच्यातल्या किती जणांना ते वाचता येत होतं? म्हणजे हिशेब साफ आहे. जो वाचू शकतो त्याला मोकळीक. जो फक्त बघू शकतो त्याच्या डोळ्यांवर पट्टी.

आणि ही पट्टी जुनी झाली असं समजू नका. २०२५ मध्ये 'चल हल्ला बोल' नावाचा पिक्चर सेन्सॉरकडं गेला, त्यात ढसाळांच्या कविता होत्या. तिथल्या माणसानं विचारलं, ढसाळ कोण, अशा बातम्या आल्या. कोण म्हणजे? ज्याच्या कविता तू कापतोयस तो! त्याच वर्षी 'फुले' आला. पिक्चर जोतिबांवर, सावित्रीमाईंवर, आणि सांगितलं काय, तर महार, मांग, पेशवाई हे शब्द काढा. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणू नका, 'कई साल' म्हणा. ब्राह्मण संघटनांनी ओरड केली आणि ११ एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीला लागणारा पिक्चर २५ तारखेवर गेला. पेशव्यांचा शब्द न काढता जोतिबा दाखवायचे, म्हणजे ढग न दाखवता पाऊस दाखवायचा. आणि 'संतोष', संध्या सुरींचा, दलित मुलीच्या खुनाचा आणि पोलिसांचा पिक्चर, २०२४ ला कान महोत्सवात लागला, इंग्लंडनं तो आपला म्हणून ऑस्करला पाठवला. भारतात थिएटरात लागू दिला नाही. म्हणजे आमच्या अंगावर काय होतं यावर फ्रान्सच्या माणसाचं मत असू शकतं, आमचं नाही.

तरी आम्ही बघतोच. फटीतून बघायची सवय आहे. आणि बघून काय म्हणतो, ते आता ऐका, कारण खुर्चीवाल्यांनी ते कधी ऐकलेलं नाही.

आमच्या आत्यानं टीव्हीवर 'अछूत कन्या' पाहिला, १९३६ चा, आणि 'सुजाता' पाहिला, १९५९ चा. पहिल्यात अस्पृश्य पोरगी रेल्वेखाली मरते. दुसऱ्यात ती मरत नाही, पण जिनं तिला आयुष्यभर परकं धरलं त्या बाईला स्वतःचं रक्त देते, मग ती बाई विरघळते. थोर पिक्चर, दोन्ही. पुस्तकांत लिहिलंय, समाजसुधारणेचे म्हणून. आत्या कांदे चिरता चिरता म्हणाली, "मराचं बी आपूनच, अन् रगत बी आपूनच द्याचं?" प्रबंध लिहिणाऱ्यांनो, पुढचा धडा लिहून दाखवा.

गावात जयंतीच्या आठवड्यात पोरांनी कुठून तरी प्रोजेक्टर आणून विहाराच्या भिंतीवर 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' लावला. त्यात एक जागा आहे. गुलामाला झाडाला टांगलंय, पायाची बोटं कशीबशी चिखलाला टेकतात. घसरला की मेला. आणि दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन कॅमेरा हलवतच नाही. वेळ जातो. मागं दुसरे गुलाम खोपटांतून बाहेर येतात, कामाला लागतात. पोरं खेळतात. एक बाई चोरून येते, घोटभर पाणी पाजते आणि पळते. भिंतीपुढं सगळे त्या टांगलेल्याकडं बघत होते. कापूस वेचायला जाणारी एक काकू मोठ्यानं म्हणाली, "त्याले काय पाह्यता? थे मांगचे मानसं पाहा नं."

मी त्या सीनवर खूप वाचलंय. इतकं नेमकं कमी वाचलंय. मागची माणसं! खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगेंच्या घरातली चार माणसं मारली, सुरेखाबाई, प्रियंका, सुधीर, रोशन, तेव्हा गाव होतंच ना मागं? चुली पेटल्याच असतील ना? त्या काकूला कॅमेरा हलवत नाही म्हणजे काय 'शैली' हे माहीत नाही. तिला एवढं माहीत आहे की असं काही होतं तेव्हा मागं माणसं असतात आणि ती आपली कामं करत असतात. आणि दुसरीही गोष्ट तिला दिसली, जी मला दिसली नव्हती. पाणी बाईनंच आणलं.

कोरियाचा 'पॅरासाइट', २०१९ चा, इंग्रजी नसलेला पहिला पिक्चर ज्याला ऑस्करचं सर्वात मोठं बक्षीस मिळालं. त्यात श्रीमंत साहेबाला ड्रायव्हरच्या अंगाचा वास येतो. तळघराचा वास. शेवटी साहेब मेल्या माणसाखालून किल्ली ओढताना नाक दाबतो आणि ड्रायव्हर त्याला भोसकतो. शहाण्या माणसांना तो खून धक्कादायक वाटला. आमच्या पोरांना नाही वाटला. 'नाक दाबलं ना त्यानं,' एवढंच म्हणाले. कोरियात जात नाही म्हणतात. वास आहे, मग बाकी काय राहिलं?

'स्क्विड गेम' मधला अली, पाकिस्तानचा मजूर, मालकानं महिनोन्महिने पगार दिलेला नाही, हाताची बोटं गेलेली. त्याचं काम करणारा नट आपल्या दिल्लीचा, अनुपम त्रिपाठी. आमच्या टोळीत अलीचा मृत्यू कुणाला बघवला नाही, कारण तो फसतो तो खेळात नाही, विश्वासात फसतो. ठेकेदारानं उचल दिल्यावर 'साहेब लई चांगला आहे' म्हणणाऱ्या प्रत्येकानं तो सीन दोनदा बघावा.

मत द्यायचं म्हणजे नुसतं बोलायचं का? नाही. एकदा या देशात पिटातल्या प्रेक्षकानं असं मत दिलं होतं की दिल्ली हलली होती. आपल्या चळवळीत ते फार कमी सांगतात, कारण ते आपल्या गळ्याखाली नीट उतरत नाही. उतरत नाही म्हणूनच सांगतो.

१९८८. जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण'. रस्ते ओस, लोक टीव्हीला हार घालतात. जुलै १९८८ अखेर मालिका संपायची होती, राज्याभिषेकावर. जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. म्हणाले, संपवायचं नाही, उत्तरकांड दाखवा. झाडू खाली ठेवला. संप उत्तरेतल्या आणखी शहरांत पसरला, कचरा चढत गेला, रोगराईची भीती आली, आणि सरकारला ऐकावं लागलं. पुढचे भाग काढले. विचार करा! खुर्चीवाल्यांची पत्रं, संपादकांचे अग्रलेख, विद्वानांचे परिसंवाद यांनी दूरदर्शनचा एक सीन हलत नव्हता. झाडूवाल्यानं आख्खी मालिका हलवली. प्रेक्षकाचं मत म्हणजे काय, ते जालंधरनं दाखवलं. ज्याच्या हातात शहराची नाडी आहे त्याचं मत मोजावंच लागतं, मग तो नेहमीचा मतदार असो की नसो.

पण मागितलं काय? उत्तरकांड. का, तर त्यात वाल्मीकी आहेत, लव-कुश आहेत, आणि ती माणसं स्वतःला वाल्मीकीची म्हणवतात. आपला माणूस पडद्यावर दिसावा ही भूक मला कळते. तिला हसणाऱ्याचं थोबाड फोडावंसं वाटतं. पण त्याच उत्तरकांडात तप करतो म्हणून शंबूकाचं मुंडकं उडवलंय. झाडू खाली ठेवून, पगारावर पाणी सोडून मागितलं ते आपल्याच माणसाचा गळा कापणारं कांड! कुणी सांगितलं नव्हतं त्यांना? ज्यांना माहीत होतं ते रविवारी सकाळी कुठं होते?

इथं होते, महाराष्ट्रात, रस्त्यावर. त्याच मोसमात, त्याच रामावरून. १९८७ ला महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांच्या लिखाणाचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदूइझम'. त्यात राम आणि कृष्णावरचं परिशिष्ट होतं. ते काढून टाका म्हणून शिवसेना उठली, अमरावतीत प्रती जाळल्या. ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत आपला मोर्चा निघाला, गावागावातून, बुलढाण्यातूनही माणसं गेली, आमच्या घरातून आजोबा गेले. शेवटी परिशिष्ट राहिलं, सरकार त्याच्याशी सहमत नाही अशा टीपेसह. म्हणजे एकीकडं पुस्तक वाचवायला लाखो माणसं, ज्यातली बरीचशी ते पुस्तक वाचू शकत नव्हती. दुसरीकडं मालिका वाढवायला संप, ज्यातल्या प्रत्येकानं मालिका पाहिली होती. मधे पूल नाही. आपण छापलेल्या अक्षरासाठी डोकी फोडून घेतली आणि पडदा रामानंद सागरला सोडून दिला! चळवळीची ही जखम अजून ओली आहे. रविवारी सकाळी टीव्हीपुढं आपल्याच बायका-पोरांशेजारी बसून 'हे बघा, इथं शंबूक असायला पाहिजे होता' म्हणणारा एक माणूस प्रत्येक वस्तीत लागत होता. तो मोर्चातून परत येऊन झोपला.

म्हणून आता घरातल्यांशी बोलतो. राग येऊ द्या.

'जय भीम'ला तुम्ही दहा पैकी दहा दिले. कशाला दिले? पिक्चरला की नावाला? तुरुंगाच्या दारात सुटलेल्या कैद्यांना जात विचारून वेगळं काढतात, त्या पहिल्या सीनला दिले असतील तर बरोबर. शेवटी ती छोटी पोरगी वकिलासमोर पायावर पाय टाकून पेपर वाचते त्याला दिले असतील तर शंभर टक्के बरोबर. मे २०१८ मध्ये तामिळनाडूतल्या कचनाथमला तीन दलित मारले, तिथं पायावर पाय टाकून बसणं हेसुद्धा वरच्यांना खुपलं होतं. पण खरा राजाकन्नू, १९९३ चा, कुरवर जमातीचा, पिक्चरमध्ये इरुलर केला, हे किती जणांनी विचारलं? आणि लढली ती बाई, पण पिक्चर वकिलाचा का झाला, हे? दुसऱ्या बाजूनं वन्नियार संघटनेनं एका कॅलेंडरवरच्या चिन्हासाठी पाच कोटींची नोटीस पाठवली, हिरोला धमक्या आल्या. धमकी हे मत नाही. पण आंधळा दहाचा आकडा हेही मत नाही, ती वर्गणी आहे. घोषणेला मार्क देऊन आपण आपल्याच माणसांना आळशी करतो. उद्या कुणी भंगार पिक्चरवर निळा रंग मारून आणेल आणि आपण दहा देऊ. आणतायत.

'सैराट', २०१६. 'झिंगाट'ला आमची पोरं थिएटरात नाचली, मस्त नाचली. शेवटी लहान पोराची रक्ताची पावलं, आवाज नाही, कुणी हललं नाही. मग बाहेर येऊन परत 'झिंगाट'. गणपतीत झिंगाट, लग्नात झिंगाट, ज्यांनी आपल्या बहिणीला डांबून ठेवलं त्यांच्याही वरातीत झिंगाट. पिक्चरचा शेवट कापून गाणं तेवढं नेलं सगळ्यांनी, सेन्सॉरशिवाय. 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड मारतो तो सरळ पडद्याबाहेर येतो. शहरातल्या थिएटरात त्या दगडाला टाळ्या पडल्या. ज्याला दगड लागला तो टाळी वाजवत नाही. म्हणजे नेम चुकला, किंवा कातडी जाड आहे. मला दुसरं खरं वाटतं.

आणि 'झुंड', २०२२. 'दीवार'मधला विजय सत्तेचाळीस वर्षांनी नागपूरच्या झोपडपट्टीत परत आला, नाव तेच, विजय, आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभा राहिला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मारू द्या. पण आमचा तो मामा म्हणाला, "याही टायमाला हिरो थोच?" नागराज मंजुळेंना मी मानतो, फार मानतो, आणि तरी मामाचं म्हणणं त्यांच्यापर्यंत जावं असं वाटतं. कारण वीरा साथीदार नावाचा नागपूरचा माणूस, 'विद्रोही'चा संपादक, चळवळीत हाडं झिजवलेला, 'कोर्ट'मध्ये शाहीर नारायण कांबळे झाला आणि त्यानं दाखवलं की हिरो भाड्यानं आणावा लागत नाही. २०२१ ला कोरोनानं तो गेला. 'कोर्ट' व्हेनिसला गाजला, भारतानं ऑस्करला पाठवला. आमच्या तालुक्यात तो थिएटरात लागल्याचं कुणाला आठवत नाही. त्यात सरकारी वकीलबाई घरच्यांना घेऊन नाटकाला जाते, नाटकात परप्रांतीयाला हाकलतात आणि आख्खं थिएटर हसतं. प्रेक्षकाचं खरं चित्र ते. हसणारे सगळे 'रसिक', नेहमीचे मतदार.

तर पुढच्या अंकापासून आपण दोन पानं मोकळी ठेवतोय. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मेहकर, लोणार, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, जळगाव जामोद, जिथं जिथं अंक जातो तिथल्या पोरांनी कामाला लागावं. वस्तीतल्या एका माणसानं, शक्यतो बाईनं, शक्यतो जिला लिहिता येत नाही तिनं, नुकताच पाहिलेला कुठल्याही देशाचा पिक्चर किंवा मालिका, आणि त्यावर ती जे बोलली ते, तिच्याच बोलीत. मार्क नकोत, तारे नकोत. लिहून घेणाऱ्यानं स्वतःचं एक वाक्यसुद्धा घुसडायचं नाही, 'म्हणजे तिला असं म्हणायचंय की' हे तर अजिबात नाही. पोस्टकार्डावर मावेल एवढं. काम काय करते ते खाली लिहा, आडनाव लिहू नका. पहिली खेप 'कोर्ट'वर. ज्यांच्याकडं पिक्चर नाही त्यांनी आमच्याकडून न्यावा, मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गावी असतो.